चिमणीचा ताप एकशेसहा

थर्मामीटरनं १०६ दाखवलं तर तुमच्या घरात काय होईल? आई कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवेल, बाबा गाडीची किल्ली शोधत घरभर फिरतील, आजी देवापाशी दिवा लावेल आणि तुमची शाळा आठवडाभर तरी बुडेल. चिमणीला मात्र एवढा ताप रोजच असतो. फॅरनहाइटमध्ये १०६ च्या आसपास, म्हणजे सेल्सिअसमध्ये ४१ अंश. तिच्या अंगाचं ते नेहमीचंच तापमान. ते उतरायला लागलं, की मात्र समजा तिचं काही खरं नाही.

अंग एवढं गरम ठेवायचं तर आत सतत काहीतरी जळत राहायला हवं. ते इंधन कुठून येतं? चोचीतून. दाणा, किडा, अळी, पोळीचा तुकडा. खाल्लं की ऊब, न खाल्लं की गारठा. हिशेब एवढा सोपा आहे, पण तो दिवसातून एकदाही चुकवून चालत नाही.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या आसपास आला, की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो येतो. द्राक्षबागांमध्ये शेतकरी रात्री जाळ करून धूर करतात, कारण थंडीनं मणी तडकतात. चिमण्या मात्र सकाळी नेहमीसारख्या अंगणात हजर! पाच अंश म्हणजे त्यांना फार काही वाटत नाही. कारण हीच चिमणी, अगदी हीच जात, नॉर्वेत राहते, रशियात राहते, कॅनडातही राहते. तिथे थंडीत पारा शून्याच्या खाली जातो आणि आठवडेच्या आठवडे वर येत नाही.

आता गणित करा. बाहेर उणे १० आणि पिसांच्या आत अधिक ४१. म्हणजे फरक ५१ अंशांचा. आणि या दोन्हींच्या मध्ये काय आहे? बोटभर जाडीचा पिसांचा थर.

त्यातून चिमणी पडली लहान. लहान असणं हीच थंडीतली मोठी अडचण. चहा लवकर गार व्हावा म्हणून आजोबा तो बशीत ओततात, आठवतंय? चहा तेवढाच असतो, फक्त त्याचं हवेला लागणारं अंग वाढतं. लहान पक्ष्याचंही तसंच. वजनाच्या मानानं त्याचं हवेला लागणारं अंग फार, त्यामुळे ऊब झपाट्यानं निघून जाते. चिमणीचं वजन पंचवीस-तीस ग्रॅम. युरोपात रेन नावाचा एक पक्षी आहे, शेपूट उभी करून झुडपांच्या बुडाशी धावपळ करणारा. त्याचं वजन चिमणीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, नऊ-दहा ग्रॅम. आणि गोल्डक्रेस्ट नावाचा, डोक्यावर पिवळी पट्टी असलेला पक्षी तर अवघा पाच-सहा ग्रॅमचा! एवढ्याशा जिवानं बर्फात राहायचं म्हणजे कमालच म्हणायची.

मग हे करतात तरी काय? पहिली गोष्ट म्हणजे पिसं वाढवतात. शास्त्रज्ञांनी चिमणीची पिसं एकेक करून मोजली आहेत. (हे काम कुणाच्या वाट्याला आलं असेल, त्याला माझा नमस्कार.) थंड प्रदेशातल्या चिमणीच्या अंगावर हिवाळ्यात साधारण साडेतीन हजार पिसं भरतात, उन्हाळ्यात त्याहून काहीशे कमी. शिवाय थंडी वाजली की ती पिसं फुगवते. पिसांच्या मध्ये हवा अडकते आणि ही अडकलेली हवा आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. आपल्याकडेही पहाटेच्या थंडीत तारेवर बसलेली चिमणी जरा गुबगुबीत दिसते. ती रात्रीत जाडी झालेली नसते, फक्त फुगलेली असते.

आणि पाय? पायांवर तर पिसंच नाहीत. बदक बर्फावर तासन् तास उभं राहतं, त्याचे पाय कसे गोठत नाहीत? इथे निसर्गानं फार हुशारीची व्यवस्था केली आहे. पायाकडे गरम रक्त नेणाऱ्या नळ्या आणि पायाकडून गार रक्त परत आणणाऱ्या नळ्या एकमेकींना लागूनच असतात. खाली जाणारं रक्त आपली ऊब वर येणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं. त्यामुळे पावलापर्यंत पोचतं ते आधीच गारावलेलं रक्त, आणि पोटाकडे येतं ते पुन्हा कोमट झालेलं. पाऊल शून्याच्या जरासंच वर राहतं, गोठत नाही, आणि अंगातली ऊबही बर्फावर वाया जात नाही. शिवाय पक्ष्याच्या पावलात स्नायू जवळजवळ नसतातच, बहुतेक हाडं आणि दोऱ्यांसारख्या कंडरा असतात. त्यांना गारठ्याचं तितकंसं वाटत नाही. तरीही फारच थंडी असली, की पक्षी एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतो आणि एकाच पायावर उभा राहतो. चिमणी तर खाली बसून दोन्ही पाय झाकून टाकते.

पण खरी परीक्षा असते रात्रीची.

मुंबईत वर्षातला सर्वांत छोटा दिवसही साधारण अकरा तासांचा असतो. लंडनमध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा आणि रात्र सोळा तासांची! चिमणीला अंधारात दाणे दिसत नाहीत. म्हणजे आठ तासांत एवढं खायचं, की त्यावर सोळा तास अंग तापत राहील. म्हणून थंड प्रदेशातले छोटे पक्षी दिवसभर खातच राहतात आणि संध्याकाळपर्यंत अंगावर चरबी चढवतात. कित्येकांच्या बाबतीत ती त्यांच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढी भरते. तुमचं वजन तीस किलो असेल तर तुम्ही सकाळी उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत तीन किलोनं जाड व्हायचं आणि सकाळपर्यंत परत होतं तसं. आणि हे रोज, अख्खा हिवाळाभर. पहाटे ती चरबी बहुतेक संपलेली असते. उजाडल्यावर लवकर काही मिळालं नाही, तर पक्षी संकटात सापडतो.

मग जास्तच चरबी का साठवत नाहीत? दहावा हिस्सा कशाला, चांगला तिसरा हिस्सा साठवावा! प्रश्न बरोबर आहे. पण जड पक्ष्याला झटकन उडता येत नाही. आणि झाडीत शिक्र्याचा युरोपातला भाऊबंद टपून बसलेला असतो. हलकं राहावं तर रात्री उपाशी मरायची भीती, जड व्हावं तर दिवसा पकडलं जायची भीती. दोन्हींच्या मधली वाट पक्ष्याला रोज संध्याकाळी नव्यानं शोधावी लागते.

काहींनी दुसरे उपाय शोधले आहेत. उत्तर अमेरिकेतली चिकाडी रात्री आपलं तापमान मुद्दामच दहा-बारा अंशांनी खाली आणते, म्हणजे इंधन कमी लागतं. शिवाय ती उन्हाळा संपता संपता दाणे आणि किडे झाडांच्या सालींत दडवून ठेवते, एकेक दाणा वेगळ्या जागी, आणि त्या जागा लक्षातही ठेवते. (आपल्याला काल ठेवलेलं खोडरबर सापडत नाही.) ग्राउस नावाचे कोंबडीसारखे पक्षी तर चक्क मऊ बर्फात सूर मारतात आणि आत बीळ करून झोपतात. बर्फ गारच असतो, पण त्यात हवा अडकलेली असते. त्यामुळे बाहेर उणे तीस असलं तरी आत त्यामानानं बरंच सुसह्य असतं.

अमेरिकेतल्या मेन राज्यात, जिथे हिवाळ्यात जंगलाचं पांढरं वाळवंट होतं, तिथे पाच-सहा ग्रॅमचा किंगलेट पक्षी कसा जगतो याचं कोडं बर्न्ड हाइनरिख नावाच्या शास्त्रज्ञांना पडलं होतं. किंगलेट किडे खातो, दाणे नाही. बर्फात किडे कुठून येणार? हाइनरिखना सापडलं की तो उघड्या फांद्यांवर गोठून बसलेल्या छोट्या उंटअळ्या वेचून खातो. आणि रात्री? रात्री हे किंगलेट एकमेकांना चिकटून, एकाच गोळ्यासारखे बसतात. पेंग्विन असंच करतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून मी त्यांचं सांगत बसत नाही.

चिकटून बसण्यात रेनचा मात्र कुणी हात धरणार नाही. हा पक्षी दिवसा एकलकोंडा, भांडकुदळ, आपल्या हद्दीत दुसऱ्या रेनला पाऊल टाकू न देणारा. पण हिवाळ्यातली रात्र आली की सगळी भांडणं मिटतात. १९६९ साली इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात लोकांनी पक्ष्यांसाठी टांगलेल्या एका छोट्याशा खोक्यात एकाच रात्री ६१ रेन मोजले गेले! एकावर एक, थरावर थर, शेपट्या बाहेर आणि चोची आत. सकाळी उजाडलं, की पुन्हा भांडायला मोकळे.

एवढे उपाय असूनही कधीकधी हिवाळा जिंकतो. असा एक हिवाळा ब्रिटनला अजून आठवतो. १९६२ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी इंग्लंडमध्ये बर्फ पडायला लागला. एरवी तिथला बर्फ दोन-चार दिवसांत वितळतो. त्या वर्षी वितळला नाही. जानेवारी १९६३ मध्ये मध्य इंग्लंडचं महिन्याचं सरासरी तापमान उणे २.१ अंश होतं. दिवस-रात्र धरून सरासरी, बरं का! इंग्लंडनं एवढा थंड हिवाळा १७४० नंतर पाहिला नव्हता. ऑक्सफर्डमध्ये थेम्स नदी इतकी गोठली, की तिच्यावरून एकानं मोटार चालवली. हर्न बे या गावाजवळ समुद्रसुद्धा किनाऱ्यालगत गोठला. ब्रिटनमध्ये कुठेही दंव न पडलेली पहिली सकाळ उजाडली ती थेट ६ मार्चला.

आता त्या थंडीत पक्ष्यांचं काय झालं ते पाहू. त्यातले तीन पक्षी आपल्या ओळखीचे आहेत. एक तर आपला राखी बगळा. तीच जात, जी उजनी जलाशयाच्या काठावर मान आकसून उभी असते. दुसरा आपला छोटा खंड्या, निळा-नारिंगी, नदीवरून बाणासारखा जाणारा. तिसरी चिमणी. चिमणीला माणसांच्या घरांचा, गुरांच्या गोठ्यांचा, सांडलेल्या धान्याचा आधार होता. बगळा आणि खंड्या यांचे मात्र मोठे हाल झाले. दोघंही मासे खाणारे. मासे होते, पाण्यात पोहतही होते. पण वर बर्फाचं झाकण! खाणं डोळ्यांसमोर आणि चोच पोचत नाही. खंड्यांनी समुद्रकिनारा गाठून पाहिला, कित्येकांना तेही जमलं नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. आपण म्हणतो, थंडीनं पक्षी मेले. पण त्यांना थंडीनं थेट मारलं असं क्वचितच होतं. पोट भरलेला खंड्या उणे पाचलाही तग धरतो. मारते ती भूक. बर्फ अन्नावर कुलूप लावतो, रात्र लांबत जाते, चरबी पहाटेपर्यंत पुरत नाही. म्हणूनच थोडाच वेळ टिकणाऱ्या कडाक्याच्या थंडीपेक्षा, महिनाभर न हटणारा बर्फ जास्त घातक ठरतो.

याचा सर्वांत जास्त फटका रेनला बसला. तो जमिनीलगत, पानांच्या कचऱ्यात, दगडांच्या फटींत कोळी आणि किडे शोधतो. जमीनच झाकली गेल्यावर तो काय करणार? त्या हिवाळ्यात ब्रिटनमधल्या दर चार रेनपैकी तीनहून जास्त मेले असा अंदाज आहे. राखी बगळ्यांच्या जोड्या जवळपास निम्म्या झाल्या.

हे आकडे कुणी मोजले? साध्यासुध्या माणसांनी. ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी या संस्थेनं १९६२ सालीच नेहमीच्या पक्ष्यांची दरवर्षी मोजणी सुरू केली होती. लगेच पुढच्याच वर्षी हा हिवाळा आला, म्हणून आधी किती होते आणि नंतर किती उरले, हे मांडता आलं. बगळ्यांची मोजणी तर त्याहून जुनी. १९२८ साली मॅक्स निकल्सन यांनी इंग्लंडमधली सारंगागारं, म्हणजे बगळ्यांच्या घरट्यांच्या वस्त्या, मोजायला लोकांना बोलावलं आणि ती मोजणी आजतागायत चालू आहे. त्या आलेखात १९४७ आणि १९६३ साली दोन ठळक खड्डे दिसतात. दोन्ही वर्षी हिवाळा बेसुमार कडक होता.

आता आणखी मागे जाऊ, आणि अटलांटिक समुद्र ओलांडू. १८९८ सालचा १ फेब्रुवारी. अमेरिकेतलं प्रॉव्हिडन्स गाव. बर्फ, पाऊस आणि गारठलेले थेंब यांचं भयंकर वादळ होऊन गेलं होतं. ब्राउन विद्यापीठाच्या आसपास चिमण्या निपचित पडलेल्या. याही आपल्याच चिमण्या, १८५० च्या सुमारास लोकांनी इंग्लंडहून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आणून सोडलेल्यांचे वंशज. विद्यापीठातले प्राध्यापक हर्मन बंपस यांच्या प्रयोगशाळेत १३६ चिमण्या आणल्या गेल्या. काही वेळानं ७२ जाग्या झाल्या. ६४ मेल्या.

दुसऱ्या कुणी हळहळून सोडून दिलं असतं. बंपस यांना मात्र प्रश्न पडला: याच ७२ का वाचल्या? नशीब, की आणखी काही? त्यांनी मेलेल्या आणि जगलेल्या, सगळ्यांची मापं घेतली. लांबी, पंखांचा विस्तार, वजन, डोक्याची लांबी, पंखाचं हाड, पायाची हाडं, छातीचं हाड. नर आणि माद्या वेगवेगळ्या मोजल्या. ८७ नरांपैकी ५१ वाचले होते, ४९ माद्यांपैकी फक्त २१. आणि मापांत त्यांना असं आढळलं की फार मोठ्या आणि फार लहान, म्हणजे टोकाच्या चिमण्या जास्त मेल्या. मधल्या मापाच्या जास्त वाचल्या. निसर्ग निवड करतो, असं डार्विननं पुस्तकात लिहिलं होतं. बंपस यांनी एका रात्रीत झालेली निवड टेबलावर मांडून दाखवली.

मला बंपस यांची सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्यांनी आपल्या निष्कर्षाबरोबर त्या १३६ चिमण्यांची सगळीच्या सगळी मापं छापून टाकली. मग काय, त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं जगभरातले शास्त्रज्ञ आणि विद्यार्थी तीच मापं घेऊन नवी गणितं करत आहेत. नरांचं चित्र माद्यांपेक्षा वेगळं आहे, हेही असंच पुढे कुणीतरी शोधलं. १८९८ सालच्या चिमण्या अजून परीक्षा घेतात!

आणि मधलं मापच नेहमी बरं असतं असंही नाही. १९९६ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या नेब्रास्कात उशिरानं थंडीची लाट आली. सहा दिवस ऊन नाही, हवेत किडे नाहीत. तिथे पुलांखाली चिखलाची घरटी करणाऱ्या भिंगरीच्या जातीच्या पक्ष्यांचा तर उडता किडा हाच आहार. चार्ल्स ब्राउन आणि मेरी ब्राउन या पती-पत्नींनी मेलेले १,८०० हून जास्त पक्षी गोळा केले, जिवंत राहिलेल्यांची मापं घेतली, आणि दिसलं की वाचलेले बहुतेक मोठ्या अंगाचे होते. मोठ्या अंगात चरबी जास्त मावते आणि ऊबही जास्त वेळ टिकते. पुढच्या वर्षी त्यांची पिल्लं मोजली, तीही थोडी मोठी निघाली. आईबापांचं माप पिल्लांत उतरलं होतं.

सगळेच पक्षी काही थंडीशी दोन हात करत बसत नाहीत. कित्येक सरळ निघून जातात. तिबेट आणि मंगोलियातली तळी गोठायला लागली की पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून खाली येतात, त्यातले काही थेट आपल्या उजनीच्या जलाशयावर, भिगवणजवळ उतरतात. अंगणात शेपूट वरखाली हलवत फिरणारा धोबी पक्षीही उत्तरेकडचा हिवाळा टाळूनच आपल्याकडे आलेला असतो. त्याला आपला हिवाळा म्हणजे छानशी सुट्टी वाटत असणार.

मग १९६३ नंतर ब्रिटनमधल्या रेनचं काय झालं? ते संपले का? अजिबात नाही. वाचलेल्यांना एकदम मोकळी जागा मिळाली. कोळी पोटभर, भांडायला शेजारी कमी. रेनचा नर एका हंगामात पाच-सहा घरटी बांधतो आणि मादी त्यातलं एक पसंत करते. ती पाच ते आठ अंडी घालते, आणि वर्षातून दोनदा. दहा-बारा वर्षांत रेनची संख्या कित्येक पटींनी वाढून पूर्ववत झाली. बगळ्यांनाही पुन्हा उभं राहायला अनेक वर्षं लागली, पण तेही सावरले. पुढे २०१८ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये सैबेरियाकडून बोचरी थंडी आली तेव्हा रेन आणि गोल्डक्रेस्ट पुन्हा घटले. मधल्या काळात मात्र तिथले हिवाळे बरेच सौम्य झाले आहेत आणि रेनला ते मानवले आहेत.

आज ब्रिटनमध्ये घरटी करणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत मोठी संख्या या दहा ग्रॅमच्या रेनचीच आहे. एक कोटीहून जास्त जोड्या!